७२९ दिवसांची ऑर्डर

२००७ च्या जुलैत मिनेसोटा नॅशनल गार्डची पहिली ब्रिगेड इराकहून घरी परतली. चौतिसाव्या इन्फन्ट्री डिव्हिजनची ही ब्रिगेड. खांद्यावर लाल बैलाच्या कवटीचं चिन्ह, म्हणून सगळे त्यांना ‘रेड बुल्स’ म्हणतात. २००५ च्या हिवाळ्याआधी त्यांना घरातून बोलावून घेतलं होतं. मिसिसिपी राज्यातल्या कॅम्प शेल्बीत काही महिने कसून सराव झाला आणि मार्च २००६ पासून इराक. रसदीच्या ट्रकांना संरक्षण देत रात्रीबेरात्री महामार्ग तुडवायचे, सुरुंग शोधायचे, हे त्यातल्या अनेकांचं रोजचं काम होतं. मार्च २००७ मध्ये सुटका ठरलेली होती. पण जानेवारीत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी इराकमध्ये जादा फौज धाडायचा निर्णय जाहीर केला आणि रेड बुल्सचा मुक्काम चार महिन्यांनी लांबला. सरावापासून घरवापसीपर्यंत एकूण बावीस महिने झाले. त्यातला इराकमधला सलग मुक्काम तोवरच्या दुसऱ्या कुठल्याही अमेरिकी भूदल तुकडीपेक्षा मोठा होता.

ही माणसं पूर्णवेळ फौजी नव्हती, हे इथं लक्षात घ्यायला हवं. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे कवायत, एरवी शेती, गॅरेज, बँक, शाळा. वीस-बावीस वर्षांची कित्येक पोरं तर कॉलेजच्या फीची सोय व्हावी म्हणूनच भरती झालेली. अमेरिकेत शिक्षण महाग, आणि फौजेत काढलेल्या वर्षांच्या बदल्यात सरकार शिकवतं हा तिथला १९४४ पासूनचा करार आहे. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेले बावीस लाखांवर सैनिक या कराराच्या जोरावर कॉलेजात गेले. ‘जी. आय. बिल’ हे त्याचं लोकांच्या तोंडी बसलेलं नाव.

तेव्हा घरी आल्यावर, सामान उघडून, दोन-चार आठवडे झोप काढून ही मुलं कॉलेजच्या कागदपत्रांना लागली. गार्डच्या जवानांना एक छोटी शिष्यवृत्ती मिळतच असे, पण ती गार्डमध्ये असेपर्यंतच. गणवेश उतरवला की बंद. नियमित फौजेतल्या सैनिकाला मिळणारी शिष्यवृत्ती वेगळी. तिच्या कायद्यातल्या प्रकरणाच्या क्रमांकावरून तिला ‘चॅप्टर थर्टी’ म्हणतात. रक्कम मोठी, छत्तीस महिन्यांपर्यंत मिळणारी, आणि मुख्य म्हणजे फौज सोडल्यावरही दहा वर्षं वापरता येणारी. सलग सक्रिय सेवेवर गेलेल्या गार्डच्या जवानालाही ती मिळू शकत होती. बावीस महिने सक्रिय सेवेत काढलेल्यांना वाटलं, आपण पात्र आहोत. का वाटू नये?

उत्तर आलं की पात्र नाही. आणि तेही सगळ्यांना आलं नाही, काहींनाच. एकाच ब्रिगेडमधले, एकाच सुमारास घर सोडलेले आणि एकाच सुमारास परतलेले जवान, पण एकाचा अर्ज मंजूर आणि दुसऱ्याचा नामंजूर. इथूनच शोधाला तोंड फुटलं. फौजेत प्रत्येकाला बोलावण्याची स्वतंत्र लेखी ऑर्डर निघते. तिच्यात नाव, हुद्दा, तुकडी, हजर व्हायची तारीख आणि एका ओळीत सेवेची मुदत असते. ऑर्डर हातात पडते त्या दिवशी ती ओळ कोण वाचतो? डोळे जातात ते तारखेवर आणि ठिकाणावर. आता मात्र ते कागद बाहेर निघाले आणि एकमेकांशेजारी ठेवले गेले. मंजुरी मिळालेल्यांच्या ऑर्डरवर मुदत होती ७३० दिवस किंवा त्याहून जास्त. नामंजूर झालेल्यांच्या ऑर्डरवर ७२९.

ब्रिगेडमधल्या सुमारे २,६०० जवानांपैकी १,१६२ जणांच्या ऑर्डरवर ही मुदत निघाली. एका कारकुनाची एका कागदावरची चूक असती तर ती हसण्यावारी नेता आली असती. अकराशे बासष्ट कागदांवर तीच संख्या उमटते तेव्हा मनात वेगळीच शंका येते. पैसे वाचवण्यासाठी हा एक दिवस मुद्दाम कापला, असं जवानांमधल्या काहींनी उघडपणे बोलून दाखवलं. त्यांच्यात युद्धात तुकडी सांभाळून आलेला एक तरुण अधिकारीही होता. त्यांच्या हिशेबानं माणशी महिन्याला ५०० ते ८०० डॉलरचा फरक पडत होता. ऑक्टोबरात ही गोष्ट दूरचित्रवाणीवर आली आणि देशभर बोभाटा झाला.

बातम्यांमध्ये सगळीकडे एकच वाक्य होतं: एक दिवस कमी भरला म्हणून शिष्यवृत्ती गेली. ऐकणाऱ्याचं रक्त तापावं असंच ते वाक्य आहे. पण ते बरोबर नाही, आणि खरा प्रकार त्याहून चमत्कारिक आहे. बावीस महिने म्हणजे जेमतेम ६७० दिवस. म्हणजे ज्यांची शिष्यवृत्ती मंजूर झाली त्यांनीसुद्धा ७३० दिवस भरलेले नव्हते! मग ते पात्र कसे ठरले? कायद्यात पाहिलं की उलगडा होतो. तीन वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या सेवेसाठी अट अशी होती की सैनिकानं किमान दोन वर्षांची सेवा पत्करलेली असावी, आणि सरकारनं स्वतःच्या सोयीसाठी त्याला लवकर मोकळं केलं असेल तर प्रत्यक्षात वीस महिने भरले तरी चालतील. वीस महिने सगळ्यांनीच ओलांडले होते. प्रश्न फक्त पत्करलेल्या मुदतीचा होता, आणि ती मुदत ऑर्डरवर लिहिलेली असते. थोडक्यात, या मुलांनी युद्धावर किती दिवस काढले हे कुणी मोजतच नव्हतं. बंदूक हातात घेण्याआधी, मिनेसोटातल्या घरातून निघायच्याही आधी कागदावर जी संख्या टाइप झाली, तिनं त्यांचं कॉलेज ठरवलं होतं. जास्तीचे चार महिने वाळवंटात काढूनही ती संख्या हलली नव्हती.

ही संख्या ७२९ च का? गार्ड आणि राखीव दलाला ज्या कायद्याखाली युद्धासाठी बोलावतात, त्यात सलग चोवीस महिन्यांहून अधिक काळ ठेवता येत नाही असं बंधन आहे. एका कायद्याची कमाल मर्यादा आणि दुसऱ्या कायद्याची किमान अट अशा नेमक्या एकाच जागी येऊन भिडल्या होत्या. ऑर्डर लिहिणारा माणूस मर्यादेच्या एक दिवस आत राहिला तर त्यात कट असायलाच हवा असं नाही. मला स्वतःला कटापेक्षा हे जास्त पटतं, कारण कार्यालयात बसलेला माणूस आपल्या खात्याचा नियम मोडू नये म्हणून जपतो, दुसऱ्या खात्यात त्या कागदाचं काय होईल याचा विचार करत नाही. पण हे मान्य केलं तरी अन्याय उरतोच. शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्याला ७३० आणि मला ७२९, याचं समर्थन कुठल्याच नियमात सापडत नाही.

‘चॅप्टर थर्टी’ शिष्यवृत्तीचा कायदा उभा केला तो मिसिसिपीचे खासदार सनी माँटगोमेरी यांनी. १९८४ साली तो मंजूर झाला आणि त्यांचंच नाव त्याला चिकटलं. ते स्वतः नॅशनल गार्डचे मेजर जनरल होते. गार्डच्या पोरांना नियमित फौजेच्या पंक्तीला बसवायचं, यासाठी त्यांनी आयुष्यभर खस्ता खाल्ल्या. रेड बुल्स इराकमध्ये होते तेव्हाच, मे २००६ मध्ये, ते वारले.

आता दुरुस्ती कोण करणार? शिष्यवृत्ती देतं ते माजी सैनिक खातं, आणि त्याचे हात बांधलेले. सेवेच्या नोंदीत संरक्षण खात्यानं जे लिहिलंय तेच त्याला प्रमाण. तुकडीचा अधिकारी फार तर शिफारस करू शकतो, संपून गेलेल्या सेवेची ऑर्डर नव्यानं काढू शकत नाही. आपल्याकडे सातारा-कोल्हापूरकडच्या सैनिकी घरांना हे वेगळं सांगायला नको. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या घरच्या माहितीची नोंद होते त्या फौजी कागदात, मुलाचं नाव किंवा जन्मतारीख चुकीची चढली की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि रेकॉर्ड ऑफिस यांच्यामध्ये घरातली बाई कशी पिचते, हे तिथं पुष्कळांनी पाहिलंय.

अमेरिकेत यासाठी एक खास दरवाजा आहे, आणि त्याचा इतिहास सांगण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत एखाद्या सैनिकाची नोंद बदलायची तर संसदेत त्या एका माणसासाठी स्वतंत्र विधेयक आणावं लागे. युद्ध संपलं, लाखो सैनिक घरी आले आणि खासदारांच्या टेबलावर अशा विनंत्यांचा ढीग पडला. १९४६ साली संसदेनं हे काम अंगावरून काढलं आणि प्रत्येक सेनादलाच्या मुलकी प्रमुखाला नोंदी दुरुस्त करायचा अधिकार दिला, तोही मुलकी माणसांच्या मंडळामार्फत वापरायचा. भूदलाचं ते ‘आर्मी बोर्ड फॉर करेक्शन ऑफ मिलिटरी रेकॉर्ड्‌स’. अर्जाचा नमुना डीडी १४९. फी नाही, वकिलाची सक्ती नाही. मुदत चूक कळल्यापासून तीन वर्षं, पण न्यायासाठी गरज वाटली तर मंडळ उशीर माफ करतं. मात्र सुरुवात होते ती सरकारी नोंद बरोबर आहे असं धरून. ती खोटी ठरवायचा भार अर्जदारावर.

मंडळाचा अधिकार दोन कारणांसाठी वापरता येतो: नोंदीतली चूक सुधारणं, किंवा अन्याय दूर करणं. रेड बुल्सची सगळी भिस्त या ‘किंवा’वर होती. कारण चूक दाखवता येत नव्हती. ७२९ ही संख्या टायपिंगचा दोष नव्हती, ती लिहायचीच म्हणून लिहिली होती, आणि चोवीस महिन्यांच्या मर्यादेत बसतही होती. नोंद खरी असूनही अन्यायाची असू शकते, आणि तेवढ्या कारणावरून सरकारनं आपलाच कागद बदलावा, हे कायद्यात साठ वर्षं आधी कुणीतरी शहाणपणानं लिहून ठेवलेलं या मुलांच्या कामी आलं.

पुढच्या हालचाली भराभर झाल्या, आणि त्याचं श्रेय गवगव्याला आहे. मिनेसोटाचे दोन सेनेटर, डेमोक्रॅट एमी क्लोबुचर आणि रिपब्लिकन नॉर्म कोलमन, एकत्र उभे राहिले. भूदलाचे सचिव पीट गेरेन यांनी जातीनं लक्ष घातलं आणि पुढच्या सत्राच्या आत निकाल लागावा म्हणून मंडळाला घाई करायला सांगितलं. सत्राचा उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटतो. फौजेचं वेळापत्रक वेगळं, कॉलेजचं वेगळं. जानेवारीचा प्रवेश हुकला की पोरगा पुढचे कित्येक महिने गोदामात खोकी उचलतो आणि मग बहुधा तिथंच राहतो. कुणीतरी कॉलेजचं कॅलेंडर समोर ठेवून विचार केला, हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत माणुसकीचं पाऊल होतं.

तरी एक गोष्ट टोचत राहते. अकराशे बासष्ट जण होते म्हणून टीव्हीवाले आले, सेनेटर आले, सचिवांनी लक्ष घातलं. एरवी याच मंडळाकडे एकेकटे अर्जदार जातात. कुणाच्या भरतीच्या करारात कबूल केलेला शिक्षणाचा जादा भत्ता कागदावर उतरलेलाच नसतो, कुणाच्या सेवामुक्तीच्या दाखल्यावर, म्हणजे डीडी २१४ वर, सेवेची तारीख चुकलेली असते. त्यांच्याकडे तुलनेला शेजारची ऑर्डर नसते. भरती अधिकाऱ्यानं तोंडी काय सांगितलं होतं याची आठवण असते, आणि आठवणीच्या जोरावर सरकारी कागद खोटा ठरवणं फार अवघड. हे अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतात आणि त्यांची बातमी होत नाही.

७३० दिवसांची भिंत पाडायचं पुढच्याच वर्षी ठरलं. ३० जून २००८ रोजी नव्या जी. आय. बिलावर सही झाली. व्हिएतनाममध्ये लढलेले सेनेटर जिम वेब यांनी ते रेटून नेलं होतं. १ ऑगस्ट २००९ पासून ते लागू झालं, आणि त्यात ११ सप्टेंबर २००१ नंतर प्रत्यक्ष केलेली सक्रिय सेवा मोजायची ठरली, वेगवेगळ्या वेळच्या तुकड्यांची बेरीज करून. सुरुवातीला नव्वद दिवसांना ४० टक्के होते, आणि तिथून पायरी-पायरीनं छत्तीस महिन्यांना पूर्ण लाभ. बावीस महिने सक्रिय सेवेत काढलेला गार्डचा जवान त्यात ७० टक्क्यांच्या पायरीवर बसतो, मग त्याच्या ऑर्डरवर ७२९ लिहिलेलं असो की ७३०.