गच्चीवरच्या पालकाला कंट्रोलर कोणता?

करमाळा तालुक्यातलं केम कुंकवासाठी प्रसिद्ध. हळदीवर चुन्याची निवळी पडली की ती लाल होते, कारण निवळी अल्कधर्मी असते. पण मातीविना, पाइपातल्या पाण्यावर पालक वाढवायचा तर ही खूण कामाची नाही. त्या पाण्याचा सामू साधारण ५.५ ते ६.५ लागतो आणि तिथे हळद पिवळीच राहते. म्हणून मीटर हवा.

मग सामू मोजून आपोआप आम्ल सोडणारा महागडा कंट्रोलरच घ्यावा? माझ्या मते नको. सामू मोजणारा काचेचा प्रोब कोरडा पडला की बिघडतो. ओला ठेवला तरी आकडा हळूहळू सरकतो. यंत्र मात्र चुकीच्या आकड्यावरही बिनदिक्कत आम्ल ओततं. त्यापेक्षा हातातला मीटर बरा, फक्त तो ४ आणि ७ सामूच्या द्रावणात अधूनमधून तपासायचा.

पैसे पंपावर घाला. मुळांना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. २० अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंप थांबला की मुळं लगेच गुदमरतात. पंपाला साधा टायमर पुरे, पण आत बॅटरी आहे ना, ते बघा. चक्रीचा टायमर वीज गेली तेवढा मागे पडतो.