भोंग्यावर चालणारे गाव

आपल्याकडे पहाट होते ती कोंबड्याच्या आरवण्याने. गोठ्यात जनावरे हंबरू लागतात, चूल पेटते आणि उठायची वेळ झाली हे पोरांना सांगावे लागत नाही. पण ज्या गावात घड्याळ, घर, पाणी आणि दवाखाना सारेच कंपनीचे, तिथल्या पोरांचे बालपण कसे जात असेल?

असे एक गाव कर्नाटकात आहे. कोलार गोल्ड फील्ड्स हे त्याचे नाव. लोक केजीएफ म्हणतात. बंगळूरहून ते सुमारे १०० किलोमीटरवर आहे. १८८० मध्ये लंडनच्या जॉन टेलर कंपनीने इथे सोन्याच्या खाणी हाती घेतल्या. कामाला माणसे आली ती बहुतेक तमिळ मुलखातून, उत्तर अर्काट, सेलम, धर्मपुरी या भागांतून. त्यांतली पुष्कळशी दलित शेतमजुरांची कुटुंबे. गावाकडे ना जमीन होती ना मान. इथे निदान रोख पगार होता.

सारे कंपनीचे

साहेबांना बंगले, बागा आणि क्लब. कामगारांना तट्ट्याच्या खोल्यांच्या रांगा. त्यांना ‘लाईन’ म्हणत. एका खोलीत अख्खे कुटुंब राही. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रम येथून खाणीच्या यंत्रांसाठी वीज आणली गेली. बंगळूर शहरात विजेचे दिवे लागले ते त्यानंतर तीन वर्षांनी! पाणी येई बेतमंगल तलावाचे. दुखले-खुपले तर कंपनीचा मोठा दवाखाना होता.

पोरांचा दिवस भोंग्यावर चाले. भोंगा झाला की एक पाळी खाणीत उतरायची आणि दुसरी वर यायची. वर येणाऱ्याची झडती घेतली जाई, कारण खाली सोने होते. ज्या हातांनी ते सोने काढले त्याच हातांची रोज तपासणी होते, हे तिथले पोर लहानपणीच शिके.

रात्रीचा हादरा

चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. जगातल्या अतिखोल खाणींत तिची गणना होई. एवढ्या खोलवर खडक तापलेला असतो आणि वरच्या डोंगराएवढ्या भाराने तो एकाएकी फुटतो. त्याचा हादरा वर वस्तीपर्यंत पोचे. रात्री जमीन हादरली की लाईनीतली माणसे जागी होत. आज कोणाच्या घरचा माणूस खाली आहे, हाच प्रश्न प्रत्येकाच्या मनात येई.

जे वर येत त्यांच्यामागे दुसरे दुखणे असे. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत साठे आणि खोकला जडे. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. एकदा झाला की बरा होत नाही. राहती खोलीही नोकरीला बांधलेली. म्हणून बाप थकला की मुलाने खाणीत उतरावे, ही घरोघरची ओढ. शाळेत हुशार असलेल्या पोरालाही ती चुकत नसे.

भोंगा थांबला

१९५६ मध्ये खाणी सरकारकडे आल्या. १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी झाली. पण सोन्याचा अंश घटत गेला, खर्च वाढत गेला. अखेर २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. सव्वाशे वर्षांत तिथून सुमारे ८०० टन सोने निघाले होते. कामगारांच्या वाट्याला उरली ती राहती खोली, आणि तीही स्वतःच्या नावावर व्हावी म्हणून वर्षानुवर्षे मागणी करावी लागली. गावाभोवती सायनाइड लावून सोने काढलेल्या मातीचे ढिगारे उभे आहेत. वारा सुटला की ती धूळ घराघरांत येते. तरुण मंडळी पहाटेची गाडी धरून कामासाठी बंगळूर गाठतात.

हे सारे दूरचे आहे असे समजू नका. आपल्या चंद्रपूर, यवतमाळ भागात कोळशासाठी शेती जाते आणि बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळते. नोकरी वाईट नव्हे. पगाराने मुले शिकतात, डोक्यावरचे कर्ज फिटते. पण सातबारा मुलाच्या नावावर लागतो, तशी नोकरी लागत नाही. आणि खाण ही कधीतरी संपणारच.

तेव्हा ज्यांच्या घरात असा पगार येत असेल त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. क्वार्टर मिळाले तरी गावात एक खोली का होईना, स्वतःच्या नावावर बांधावी. आणि मुलांना असे शिक्षण द्यावे की खाणीचा भोंगा थांबला तरी त्यांचे हात रिकामे राहू नयेत. केजीएफच्या ज्या मायबापांनी पोटाला चिमटा घेऊन पोरे शिकवली, त्यांचीच घरे त्या २००१ सालानंतर लवकर सावरली असतील, यात नवल ते काय?