कलापुरातला कलाकार जगतो कशावर?

कोल्हापूरला कलापूर म्हणण्याची रीत जुनी आहे. रंकाळ्याच्या काठावर, पंचगंगेच्या घाटावर किंवा भवानी मंडपात सकाळी बोर्ड मांडून बसलेली मुलं पाहिली, की हे नाव अजून खरं आहे हे पटतं. पण कुठल्याही संस्थेच्या पगारावर नसलेला, मुंबईला न गेलेला, इथेच राहून चित्र काढणारा किंवा नाटक करणारा माणूस घर कसं चालवतो, हे इथल्या रसिकांनाही फारसं माहीत नसतं.

दरबार होता तेव्हा

या शहराची कला एका मोठ्या आश्रयावर उभी राहिली. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून कोल्हापुरात परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं आणि त्यांनी रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा हेच आपले विषय मानले. अल्लादिया खाँ दरबारी गायक होते. 1883मध्ये सुरू झालेल्या देवल क्लबमुळे गाणं गावातल्या श्रोत्यांपर्यंत पोहोचलं. महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर 1915मध्ये उभं राहिलं. त्यालाच पुढे गायक-नट केशवराव भोसले यांचं नाव मिळालं.

1922मध्ये महाराज गेले आणि अल्लादिया खाँ मुंबईला निघून गेले. आश्रयदाता एकच असला की असं होतं. त्याच्यामागे दुसरी व्यवस्था नसेल, तर कलाकाराला गाव सोडावं लागतं.

हाताला काम होतं म्हणून

दरबाराबाहेरही एक कोल्हापूर होतं आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. सुतारकाम, ओतकाम, यंत्रं यांची घरातूनच सवय असल्यामुळे त्यांनी सिनेमाचा कॅमेराच तयार करायला घेतला. आनंदराव मध्येच गेले. बाबूरावांनी ते काम पुरं केलं आणि 1920मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिकलेल्या व्ही. शांताराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1929मध्ये इथेच प्रभात फिल्म कंपनी काढली. चार वर्षांनी प्रभात पुण्याला गेली. बाबूरावांचे शिष्य दत्तोबा दळवी मात्र इथेच राहिले. त्यांच्या नावाच्या संस्थेत आजही मुलं शिकतात.

पडदे, पोस्टरं, पुतळे अशी पोटाची कामं करत असतानाच या लोकांचा हात तयार झाला. कमाईचं काम आणि मनाचं काम यांत त्यांनी भिंत घातली नाही. कोल्हापूरच्या व्यक्तिचित्रांत आणि निसर्गचित्रांत जो पक्का अभ्यास दिसतो, तो मला याच सवयीतून आलेला वाटतो.

आजची कमाई

स्वतंत्र चित्रकाराचं वर्ष आज तुकड्यातुकड्यांनी भरतं. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचे वर्ग हा बऱ्याच जणांचा कायमचा आधार. गणपतीच्या आधीचे महिने मूर्ती रंगवण्यात आणि तालीम मंडळांच्या देखाव्यांत जातात. शिल्पकाराला पुतळ्यांची कामं मिळतात. ती मातीत घडवायची, साचा काढायचा, मग फायबर किंवा ब्राँझ. यात पैसा बरा असतो, पण बिलं अडकली की महिनोन्‌महिने अडकतात. कोल्हापूरच्या चित्रनगरीत किंवा आसपासच्या गावांत मालिकांचं चित्रीकरण असेल, तर नेपथ्य आणि रंगकामाला माणसं लागतात. बोर्ड रंगवणाऱ्यांची मोठी पिढी फ्लेक्सने घरी बसवली. ते काम परत येणार नाही.

चित्र विकून जगणारे थोडेच. मुंबईत जहांगीर कलादालनात प्रदर्शन भरवायचं तर काही वर्षं आधी अर्ज करावा लागतो. खासगी दालनं विक्रीतला तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम ठेवतात. फ्रेम, टेम्पो, राहण्याचा खर्च वेगळाच. म्हणून गावातली परवडणारी जागा फार मोलाची ठरते. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात नवख्या मुलाचं पहिलं प्रदर्शन लागतं ते याच कारणाने. टाउन हॉलच्या बागेत ‘रंगबहार’ संस्था ‘मैफल रंगसुरांची’ भरवते. गाणं चालू असतं आणि झाडाखाली कुणी जलरंगात, कुणी मातीत काम करत असतं. तिकडे मुद्दाम जावं. चित्र कोऱ्या कागदापासून पुरं होईपर्यंत पाहिलं, की त्यामागचे कष्ट कळतात आणि मग किंमत जास्त वाटत नाही.

नाटकवाल्यांची अडचण

चित्रकाराला खोलीचा कोपरा पुरतो. नाटकाला रंगमंच लागतो. ‘प्रत्यय’सारख्या संस्थेने शरद भुताडियांच्या ‘राजा लिअर’पर्यंत मजल मारली, ती दिवसभर नोकरी-व्यवसाय करून रात्री तालमीला येणाऱ्या माणसांच्या बळावर. हौशी नाटकात सगळे पदरचे पैसे घालतात. सभागृहाचं भाडं, प्रकाशयोजना, नेपथ्याची ने-आण यांतच तिकिटाची रक्कम संपते. राज्य नाट्य स्पर्धा आहे म्हणून दरवर्षी नवी नाटकं उभी तरी राहतात.

8 ऑगस्ट 2024च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच आणि छप्पर आगीत गेलं. अभिनेते, प्रेक्षक, शहरातले सगळेच रडले आणि ते खरं रडणं होतं. पण या आगीने पडदा ओढणारे, दिवे लावणारे, ध्वनी सांभाळणारे यांचं रोजचं कामही नेलं, याची चर्चा फार कमी झाली. मोठ्या शहरात एक नाट्यगृह बंद पडलं तर प्रयोग दुसरीकडे हलतो. इथे अख्खा हंगाम अडचणीत येतो.

सरकारी मदत

ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांसाठी राज्याची मानधन योजना आहे. 2024पासून तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे आणि दरमहा 5,000 रुपये मिळतात. वयाची अट साधारणपणे 50 वर्षांची. म्हाताऱ्या शाहिराला, वादकाला हा मोठा दिलासा आहे. पंचविशीतल्या चित्रकाराला मात्र यातून काही मिळत नाही आणि गाव सोडायचं की राहायचं, हा निर्णय तो त्याच वयात घेतो.

रसिकाने काय करावं

नाटकाचा फुकट पास मागू नका, तिकीट काढा. घराची वास्तुशांत असेल, तर छापील फ्रेमऐवजी इथल्या चित्रकाराचं एक छोटं जलरंगचित्र विकत घ्या. मंडळाने देखावा करून घेतला असेल, तर विसर्जनाआधी पैसे चुकते करा. शाळेने चित्रकाराला प्रात्यक्षिकाला बोलावलं, तर शाल-श्रीफळाबरोबर मानधनाचं पाकीटही द्या. आणि पुढच्या वेळी दसरा चौकातून जाताना दहा मिनिटं काढून कलादालनात डोकवा, तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत.