सगळ्यांचंच बीपी १२०/८० कसं? – वैद्यकीय विद्यार्थी आणि गाव

कार्यक्रमपत्रिकेत आजच्या विषयाचं नाव फार लांबलचक छापलंय, ते तुम्ही वाचलंच असेल. साध्या भाषेत सांगायचं तर प्रश्न एवढाच आहे की, डॉक्टर होऊ घातलेल्या मुलामुलींना वॉर्डाबाहेरचा माणूस बघायला कसं शिकवायचं?

आम्ही एका मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिन विभागात शिकवतो. या विषयाला पूर्वी पीएसएम म्हणायचे, अजूनही सगळे तेच म्हणतात. 'आम्ही' म्हणजे तीन-चार शिक्षक, एक समाजसेवक आणि आता आमच्यातच धराव्यात अशा दोन आशाताई. आज जे बोलू ते सगळ्यांचं मिळून आहे, म्हणून चुकाही सगळ्यांच्या मिळूनच धरा.

चुकीपासूनच सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी एका गावात सर्वेक्षण केलं. घरटी एक फॉर्म, चाळीसेक प्रश्न, शेवटी घरातल्या मोठ्या माणसांचं वजन आणि रक्तदाब. गठ्ठा विभागात आला आणि आम्ही संध्याकाळी संगणकात आकडे भरायला बसलो. एक जण वाचतोय, दुसरा भरतोय. १२०/८०. १२०/८०. १३०/८०. १२०/८०. थोड्या वेळानं वाचणारा थांबला आणि म्हणाला, "या गावाला आपली गरजच नाही हो!"

आता हे कसं ओळखायचं, ते जरा समजावून सांगतो, कारण हेही एक कौशल्य आहे. बीपीच्या यंत्रावर दोन-दोनच्या अंतरानं रेघा असतात. म्हणजे खरोखर मोजलं तर शेवटचा आकडा ०, २, ४, ६ किंवा ८ असणार, आणि पुष्कळ माणसं मोजली की हे पाचही आकडे साधारण सारख्या प्रमाणात यायला हवेत. आमच्या गठ्ठ्यात जवळजवळ सगळीकडे शून्य. वजनंही पूर्ण किलोत, नाहीतर अर्ध्या किलोत. वयं तीस, पस्तीस, चाळीस. वयाचं समजू शकतो, कारण आपल्याकडे जुन्या माणसांना जन्मसाल नक्की ठाऊक नसतं. पण बीपी? काही मुलांनी अंदाजे लिहिलं होतं, काहींनी यंत्र पिशवीतून बाहेरच काढलं नव्हतं.

आम्ही चिडलो. मुलांना बोलावलं, चांगलं झापलं. मग एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, प्रत्येकाला दहा घरं होती, आणि बस चार वाजता सुटणार होती." हिशेब करून बघितला, तर एका घराला बारा मिनिटंही येत नव्हती, त्यात चाळीस प्रश्न! हे वेळापत्रक कुणी आखलं होतं? आम्हीच. तपासताना काय बघत होतो? फॉर्म पूर्ण भरलाय का. मुलांनी आम्हाला हवं होतं ते दिलं.

दुसरी गोष्ट त्याच गावातली. पुढच्या तुकडीबरोबर गेलो, तेव्हा एका ओसरीवर आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. आमच्या विद्यार्थ्यानं फॉर्म काढला. आजी वर न बघता म्हणाल्या, "लिहून घे बाळा. मागच्या वर्षीचंच हाये सगळं." चार वर्षं चार तुकड्यांनी त्यांना तेच विचारलं होतं. नळ आहे का, संडास आहे का, मुलं किती. त्या लिहून नेलेल्याचं पुढं काय झालं, हे सांगायला कुणीही परत गेलं नव्हतं. आम्ही शिकवत होतो आरोग्यशिक्षण, आणि गावाला शिकवत होतो की डॉक्टर म्हणजे येतात, विचारतात आणि जातात.

या विषयाची पंचाईत नवी नाही. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. त्यात 'सामाजिक वैद्य' तयार व्हावा म्हणून विद्यार्थ्याला तीन महिने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं शिक्षण द्यावं असं सुचवलं होतं. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीनं पुन्हा तेच दुखणं मांडलं, की आपलं वैद्यकीय शिक्षण रुग्णालयात अडकलंय. त्यातून १९७७ ची 'रोम' योजना आली. कॉलेजांना प्राथमिक आरोग्य केंद्रं जोडून दिली, फिरते दवाखाने दिले. आमच्या मते तिथं गफलत झाली ती अशी, की गावात गेलं काय तर रुग्णालयच, फक्त चाकावर बसून. विद्यार्थी गाडीत बसून गोळ्या वाटायला शिकला. घरात शिरायचं राहूनच गेलं.

अपवाद होते, आणि सगळ्यात जवळचा वर्ध्याजवळ. सेवाग्रामचं महात्मा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस, डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेलं. तिथं नवी तुकडी आधी आश्रमात राहते, मग एका गावात शिबिराला जाते, आणि शिबिर संपलं तरी त्याच गावात, वाटून दिलेल्या त्याच कुटुंबांकडे जात राहते. खादीबद्दल, आश्रमाबद्दल ज्याला जे वाटायचं ते वाटो. आमच्या दृष्टीनं त्यातला कळीचा शब्द 'त्याच' हा आहे. त्याच घरात पुन्हा जायचं असलं की माणूस १२०/८० ठोकून देत नाही. पुढच्या महिन्यात तोंड दाखवायचं असतं ना!

बरं, कौशल्य म्हणजे नेमकं काय? सलाइन लावणं हे कौशल्य आहे हे सगळ्यांना पटतं. कुणीतरी करून दाखवतं, तुम्ही चुकता, कुणीतरी हात धरून सुधारतं, पन्नासाव्या वेळी जमतं. सामाजिक वैद्यकात मात्र आपण असं धरून चालतो की धडा वाचला म्हणजे आलं.

जॉन स्नोचंच घ्या. एमबीबीएसच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, साथरोगशास्त्राचा जनक कोण? झोपेतही सांगेल. १८५४, लंडन, ब्रॉड स्ट्रीटचा पंप. पण स्नोनं केलं काय, तर तो दारोदार फिरला. कोण मेलं एवढंच न बघता, पंपाजवळ राहूनही कोण वाचलं हेही विचारलं. शेजारच्या मद्याच्या कारखान्यातले कामगार का वाचले? कारण त्या पंपाचं पाणी ते पीतच नव्हते. आणि हॅम्पस्टेडला, इतक्या लांब राहणारी एक बाई कशी गेली? तर तिला त्याच पंपाच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ती ते मागवून घ्यायची. हे नकाशा काढून कळत नाही, घरच्यांशी बोलल्यावर कळतं. पुढं त्या साथीचा उगम शोधण्यात तिथल्या हेन्री व्हाइटहेड नावाच्या पाद्र्याचा मोठा वाटा होता. तो डॉक्टर नव्हता, पण घरोघरी ओळखीचा होता. परीक्षेत त्याचं नाव कुणी विचारत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या गडचिरोलीचं. लहान मुलाचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतलं असेल तर पन्नास, आणि पाच वर्षांपर्यंत चाळीस, ही धोक्याची रेघ. आता ज्या सुईणीला पन्नासपर्यंत मोजता येत नाही तिनं काय करायचं? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'मध्ये त्यासाठी मण्यांचं साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. काम अवघड नव्हतं, शिकवणाऱ्यानं त्याचे बारीक तुकडे पाडायला हवे होते. आमचे विद्यार्थी बारावीला नव्वदच्या वर टक्के घेऊन येतात, तरी रडणाऱ्या बाळाचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा धीर त्यांना नसतो. पंधरा सेकंद मोजतात आणि चारनं गुणतात. म्हणजे एका श्वासाची चूक झाली की ती चारची होते.

तर आम्ही काय बदललं? चाळीस प्रश्नांचा फॉर्म गेला. एका विद्यार्थ्याला तीन कुटुंबं, पण तीन वर्षं. आणि पहिल्या भेटीला वही न्यायची नाही. बसायचं, चहा घ्यायचा, नावं लक्षात ठेवायची. मुलांना हे सगळ्यात कठीण जातं. हातात पेन नसलं की काय बोलावं तेच सुचत नाही. एकानं तर घरात शिरल्या शिरल्या "तुम्हाला काही त्रास?" असं ओपीडीसारखं विचारलं, तर घरातली बाई म्हणाली, "आत्ता तूच आलायस!" (हशा)

एका विद्यार्थिनीचं सविस्तर सांगतो, कारण हे कसं वाढत जातं ते त्यात दिसतं. तिच्या कुटुंबातल्या आजोबांचं बीपी १५८/९६. हो, अठ्ठावन्न. म्हणजे मोजलं होतं. गोळ्या चालू होत्या. पहिल्या भेटीत तिनं पुस्तकातला सल्ला दिला, मीठ कमी करा, लोणचं टाळा, गोळी चुकवू नका. आजोबा म्हणाले, बरं. दुसऱ्या महिन्यात आकडा तिथंच. तिनं आमच्याकडे येऊन लिहिलं, "रुग्ण सहकार्य करत नाही." हे वाक्य आमच्याकडे आता चालत नाही. 'का' याचं उत्तर घेऊन ये म्हणून तिला परत पाठवलं.

तिसऱ्या भेटीत ती जेवणाच्या वेळी गेली. गोळ्यांची पुडी बघायला मागितली, मोजली. दहा दिवसांच्या गोळ्या दहा दिवस उलटून गेल्यावरही शिल्लक होत्या. आजोबा एक दिवसाआड घेत होते. विसरले म्हणून नव्हे, पुरवून वापरत होते. आरोग्य केंद्रात साठा कमी, म्हणून दहा दिवसांच्याच मिळायच्या. केंद्र बाजारच्या गावात. जायचं तर आठवड्याच्या बाजारी, आणि त्या दिवशी काम लागलं की मजुरी बुडवून कोण जाणार? ते म्हणाले, "पोरी, एक दिसाआड घेतली तर निदान बंद तर पडत न्हाई." बघा, हा माणूस असहकार करत नव्हता, त्याच्या परीनं तो गणितच करत होता.

इथपर्यंत झालं एका रुग्णाचं. पण पुढचा प्रश्न खरा पीएसएमचा, की असे आणखी किती? ती आशाताईंच्या यादीवर बसली. गावात बीपीची गोळी चालू असलेले किती, आणि त्यातले रोज घेणारे किती. घरोघरी जाऊन पुड्या मोजल्या. निम्म्यांहून जास्त लोकांची हीच गत निघाली. म्हणजे एका घरात दिसलं ते गावाचं होतं.

मग ते कागदावर एका पानात मांडायचं आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर ठेवायचं. तेही शिकवावं लागतं. तिचा पहिला मसुदा तक्रारअर्जासारखा होता. अधिकारी स्वतःच हैराण, दोघांचं काम एकटे करणारे. त्यांच्यावर ठपका ठेवून काय मिळणार? दुसऱ्या मसुद्यात तिनं महिन्याला किती गोळ्या जादा लागतील आणि त्या उपकेंद्रातून आशाताईंमार्फत कशा पोचवता येतील, एवढंच लिहिलं. ते त्यांना उपयोगी पडलं. महिन्याच्या गोळ्या गावात यायला लागल्या. सगळ्या महिन्यांत नाही. साठा आला नाही की अजूनही अडतं. पण शेवटी तिनं ग्रामसभेत पाच मिनिटं उभं राहून गावाला सांगितलं, की तुमच्याकडून जे लिहून नेलं त्यात हे सापडलं. त्या शेंगा फोडणाऱ्या आजीही होत्या तिथं.

आता गुणांचं बोलू, कारण मुलं गुणांमागे जातात आणि त्यात त्यांचा दोष नाही. पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा डोक्यावर असते. इंटर्नशिपमध्ये पीएसएमची पोस्टिंग म्हणजे अभ्यासाची सुट्टी, हे उघड गुपित आहे. तेव्हा जे तपासलं जात नाही ते शिकलं जाणार नाही. आम्ही जर्नलच्या सजावटीचे गुण काढले. त्याऐवजी एक शिक्षक भेटीत दहा मिनिटं कोपऱ्यात गप्प बसतो आणि बघतो, प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत हा थांबतो का? दंडाचा घेर मोजताना पट्टी घट्ट ओढतो का? साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, तिथं पट्टी थोडी इकडे-तिकडे झाली तरी मूल यादीतून गळतं.

आणि काही गुण आशाताई देतात. त्यांना एकच प्रश्न असतो, या मुलाला तुम्ही पुन्हा त्या घरी न्याल का? कॉलेजात यावरून कुरकूर झाली, आठवी-दहावी शिकलेली बाई डॉक्टरला गुण देणार? पण जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तिथं अक्षरओळख नसलेल्या बायका आरोग्यसेविका झाल्या आणि पुढं बाहेरून आलेल्या डॉक्टरांनाही शिकवायला लागल्या. आमच्याकडे आशाताईंचे आणि आमचे गुण बहुतेक वेळा जुळतात. जिथं जुळत नाहीत तिथं, खरं सांगायचं तर, त्यांचं बरोबर निघतं.

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानं २०२१-२२ च्या तुकडीपासून कुटुंब दत्तक योजना सगळ्या कॉलेजांना लागू केली आहे. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याला तीन ते पाच कुटुंबं. कल्पना चांगली आहे, सेवाग्रामची आठवण करून देणारी. 'दत्तक' हा शब्द तेवढा आम्हाला खटकतो. कोण कुणाला दत्तक घेतं हो? अठरा वर्षांच्या पोराला ते घरच चहा पाजून सांभाळून घेतं. भीती आहे ती लॉगबुकची. दीडशे-दोनशे विद्यार्थी, दोन बस, मोजके शिक्षक, आणि शेवटी सही झाली का एवढंच बघायचं. तसं झालं तर आमचा तो जुना गठ्ठा पुन्हा तयार होईल, या वेळी मोबाइलवरच्या ॲपमध्ये.

म्हणून नवीन शिक्षकांना आम्ही एक सोपी सवय लावून घ्यायला सांगतो. मुलं परत आली की पहिल्यांदा बीपीचा रकाना उघडायचा आणि फक्त शेवटचे आकडे वाचत खाली जायचं. मागच्या महिन्यातले आम्ही वाचले. शून्यं अजून जास्तच आहेत, पण चार, सहा आणि आठही दिसायला लागलेत. दोन मुलांच्या रकान्यात नुसती शून्यं होती. त्यांच्याबरोबर या शनिवारी आमच्यातलं कुणीतरी जाणार आहे, बस न पकडता. आता तुमचे प्रश्न घेऊ.