तुळई, किलचण आणि पांढरी

मातीच्या घरांविषयी हल्ली हौसेनं बोललं जातं, पण गाडी भिंतीच्या गारव्यापाशीच अडते. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घराची खरी गोष्ट छपरात आहे, आणि ती कळायची तर गवंडी-सुतारांचे शब्द कळायला हवेत.

घर केवढं, असं विचारलं तर उत्तर फुटांत यायचं नाही. ‘पाच खणांचं,’ असं येईल. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर दाटीनं अंथरलेल्या लाकडाच्या चिरफळ्या म्हणजे किलचण, आणि सगळ्यांच्या वर माती. उजेडाला आणि धुराला ठेवलेलं भोक ते सानं. पावसाचं पाणी भिंतीपासून लांब टाकते ती पन्हळ.

माती मात्र कुठलीही चालत नाही. रानातली काळी भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. माळवदाला लागते पांढरी, जुन्या गावठाणातली, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या भिंती मुरून झालेली. थोडक्यात, आजोबांचं पडलेलं घर नातवाच्या डोक्यावर चढतं.

मिरगाआधी माळवदावर चढायचं, भेगा बुजवायच्या, नवी पांढरी पसरून चोपायची. गळती थांबते. पण जुनी माती उतरवायला सवड कुणाला? थर वर्षागणिक चढत जातो, फुटाचा दोन फूट होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात हे सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. हजारो माणसं गेली. त्याच पडझडीत एक गोष्ट ठळक दिसली: मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या, तरी खांबांनी पेललेली कित्येक माळवदं जागच्या जागी उभी होती. म्हणून जुन्या घरात शिरल्यावर खण मागाहून मोजावेत. तुळई खांबावर टेकलीय की नुसत्या भिंतीवर, हे आधी पाहावं.

भूकंपानंतर अभियंत्यांनी सुचवलेली दुरुस्तीही याच शब्दांत सांगता येते. खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे टेकू द्या, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवा, माळवदावरची जादा माती उतरवा. पहिल्या दोन कामांना सुतार-गवंडी लागतात. तिसरं फावड्या-घमेल्यानं घरच्या घरी होतं.