मिठाच्या कुळातील बॅटरी

नावडे गावाच्या एका अंगाला तळोजा औद्योगिक वसाहतीतील रसायनांचे कारखाने आहेत, तर पनवेलच्या पलीकडे उरण-पेण भागात मिठागरांची जुनी परंपरा आहे. रसायन आणि मीठ यांचा मेळ आज एका नव्या वस्तूत पडू पाहत आहे. ती वस्तू म्हणजे सोडियम-आयन बॅटरी.

मोबाइल व विजेवरील वाहने आज मुख्यतः लिथियमवर चालतात, आणि भारताची त्याबाबतची भिस्त आयातीवर आहे. मिठातील सोडियम मात्र भूकवचात लिथियमच्या सुमारे हजारपट आढळते. ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी, की सोडियमचा आयन आकाराने मोठा आणि वजनाने तिपटीहून जड असतो. म्हणून तेवढ्याच वजनाच्या बॅटरीत वीज कमी साठते.

खरी कसोटी धनाग्राची आहे. मँगेनीज, लोह, निकेल अशा धातूंच्या ऑक्साइडचे थर एकावर एक रचलेले असतात व त्यांच्या मधल्या जागेत सोडियमचे आयन राहतात. चार्जिंगच्या वेळी ते बाहेर पडून कार्बनच्या ऋणाग्रात जातात, वापराच्या वेळी परततात. या मोठ्या पाहुण्यांच्या सततच्या येण्याजाण्याने थर सरकतात आणि कालांतराने त्यांना तडे जातात. टायटॅनियम वा मॅग्नेशियमची अल्प भर घालून ते स्थिर ठेवता येतात.

दुसरा शत्रू दमट हवा. यांतील अनेक ऑक्साइडे बाष्प व कार्बन डायऑक्साइड शोषून पृष्ठभागावर क्षार धरतात. कोकणच्या पावसाळ्यात ती उघडी ठेवणे शक्य नाही. उत्पादनासाठी कोरड्या हवेचे बंदिस्त दालन लागते. स्वस्त कच्च्या मालाचा लाभ या खर्चातून वजा करूनच हिशेब मांडावा लागतो.

हा हिशेब महाराष्ट्रातील उद्योगांनी गंभीरपणे घेतला आहे. घणसोलीत मोठे संकुल असलेल्या रिलायन्स समूहाने २०२२ मध्ये ब्रिटनमधील फॅराडिऑन ही कंपनी ताब्यात घेतली. थरयुक्त ऑक्साइड हेच तिचे वैशिष्ट्य. पुण्याच्या केपीआयटीने आयसर पुणे या संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले.

मोटारीला वजन जाचते. घराच्या कोपऱ्यातील इन्व्हर्टरला किंवा सोसायटीच्या सौर संचाला तितके जाचत नाही. तेथेच या बॅटरीला प्रथम संधी आहे. ती बाजारात दिसल्यावर केवळ किंमत विचारू नये. ती किती वेळा चार्ज होऊन टिकेल आणि हमी किती वर्षांची आहे, हे लेखी घ्यावे. वस्तूचा खरा भाव वर्षांनी भागल्यावरच कळतो.