एकच गाल बसत चालला तर



इथे मनामात ओळखीच्या एका मराठी आजींनी मला विचारले, "सिस्टर, नातीचा डावा गाल दोन वर्षांत आत गेलाय. लकवा असेल का हो?" हा प्रश्न कुणालाही पडेल, म्हणून सविस्तर लिहिते.

चेहरा दोन प्रकारे बदलतो : हळूहळू किंवा अचानक. आधी हळूहळूचे पाहू.

पॅरी-रॉम्बर्ग नावाचा एक दुर्मीळ आजार आहे. इंग्लंडच्या डॉ. पॅरी यांनी केलेले त्याचे वर्णन १८२५ साली छापले गेले, बर्लिनच्या डॉ. रॉम्बर्ग यांनी १८४६ साली. यात चेहऱ्याच्या एका बाजूची कातडी व तिच्याखालची चरबी झिजते, पुढे कधी स्नायू आणि हाडही. बहुधा विसाव्या वर्षाच्या आत सुरुवात होते. मुलींत प्रमाण जास्त. काही वर्षे झीज चालते आणि मग आपोआप थांबते. गेलेले मांस मात्र परत भरत नाही.

हा लकवा नव्हे. लकव्यात हालचाल जाते. इथे मांस जाते. मुलगी हसू शकते, डोळा मिटू शकते. काहींना मात्र फिट येतात, अर्धशिशी होते, चेहऱ्यात कळा येतात किंवा डोळा खोल जातो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ, मेंदूचे डॉक्टर, डोळ्यांचे आणि दातांचे डॉक्टर अशा सर्वांना दाखवावे.

नेमके कारण सापडलेले नाही. पण तो संसर्गाने पसरत नाही, आणि सहसा आईबापांकडून मुलांत येत नाही. कुणाची नजर, कुणाचे पाप असले काही नसते. तेल चोळून गाल भरत नाही. झीज चालू असताना डॉक्टर स्टिरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट देतात. ती थांबल्यावर पोटाची किंवा मांडीची चरबी काढून गालात भरतात; त्यातली थोडी जिरते, म्हणून हे पुन्हा करावे लागू शकते.

इथे आपण म्हातारी माणसे उपयोगी पडतो. घरातला अल्बम काढा. लग्नातले, मलिद्याचे, वाढदिवसाचे फोटो सालवार लावून डॉक्टरांकडे न्या. झीज कधी सुरू झाली, अजून चालू आहे की थांबली, हे त्यावरून कळते. मुलीसमोर "तोंड कसं झालं बघ" असे मात्र म्हणू नका. आजार झाकण्यासाठी तिला समारंभातून मागेही ठेवू नका.

आता अचानकचे. आपल्या वयात तोंड एकाएकी वाकडे झाले, हात उचलेना, जीभ अडखळू लागली, तर तो पक्षाघात समजा. घड्याळ बघून वेळ लिहा. तोंडात पाणी, औषध, काहीही घालू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. बहरीनमध्ये ९९९, महाराष्ट्रात १०८, इस्रायलमध्ये १०१ फिरवा.

नुसता चेहराच वाकडा झाला, डोळा मिटेना, कपाळाला आठी पडेना, तर तो बहुधा बेल्स पाल्सी असतो. त्यावरच्या गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू झाल्या तर गुण चांगला येतो. पण हा की पक्षाघात, हे घरी ठरवू नका. त्याच तासाला दवाखाना गाठा.

थोडक्यात, हळूहळू बदल दिसला तर फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा. अचानक झाला तर फोटो शोधत बसू नका.